दीड गुंडी सूत

मला काय आवडतं हे कोणी फारसं विचारलं नाही, म्हणून न विचारताच सांगते. भाकरीचा मऊ मधला भाग मला नको असतो, करपलेला काठ हवा असतो. सणाच्या पुरणपोळीपेक्षा दुसऱ्या दिवशीची शिळी कटाची आमटी मला जास्त आवडते. गुलाबाच्या अत्तरानं माझं डोकं चढतं, पण कंदिलाची काच राखेनं पुसताना जो वास येतो तो मला अजून आठवतो. आणि सगळ्यांत लाडकी म्हणजे काडीच्याही उपयोगाची नसलेली माहिती. चाकणच्या बाजारातून आलेला मुठीएवढा कांदा घ्या, त्याला नऊ पापुद्रे निघतात. कधी आठ, कधी दहा, पण बहुतेक वेळा नऊच. "मग त्याचं काय करायचं?" असं आई विचारायची. काही करायचं नाही. नुसतं ठाऊक असायचं.

ज्यांना हे वेड वाटतं त्यांना खुशाल वाटू दे. अशाच एका फुटकळ माहितीवरून माझ्याबरोबर कामाला असलेल्या एकीची नोकरी जायची वेळ आली होती. ती हकीकत मी कोणाला सांगू नये असं माझ्या घरच्यांना अजून वाटतं, आणि म्हणूनच ती सांगायची मला फार हौस आहे.

साल पंचावन्न-छप्पन्न असेल. आमचं घर चिंचवडच्या जुन्या गावठाणात, शेती नदीच्या अंगाला. रेल्वेच्या कडेनं तेव्हा नुकती कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसायला लागली होती. त्यांतच एक छोटी औषधांची कंपनी होती. तिचं नाव सांगत नाही, आता ती उरलेलीही नाही. मी सातवी पास झालेली, शेणगोठ्याचा कंटाळा आलेला. कंपनीत मुली घेतायत असं कळल्यावर मी घरच्या कर्त्याला, म्हणजे चुलत्याला, न विचारता अर्ज दिला. चुलता महिनाभर माझ्याशी बोलला नाही. तेवढी शांतता आमच्या घरात पुन्हा कधी लाभली नाही.

काम दिसायला सोपं होतं. इंजेक्शनच्या औषधानं भरलेल्या काचेच्या कुप्या आमच्या पुढ्यात यायच्या. प्रत्येकीसमोर एक दिवा आणि त्यामागे काळी रंगवलेली फळी. कुपी उचलायची, उलटी करायची, दिव्यापुढं धरायची. आत केसाएवढा धागा किंवा काचेचा कण तरंगताना दिसला तर ती बाजूच्या ट्रेमध्ये टाकायची. अशा आम्ही बारा जणी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तासाभरानं काय होतं की डोळे उघडे असतात, पण त्यांच्यामागं कोणी नसतं. खराब कुप्या नेमक्या तेव्हा सुटून जातात.

खेळ मी सुरू केला तो झोप उडवायला. एका दुपारी मला डुलकी यायला लागली तशी शेजारणीला हळूच विचारलं, "म्हस पानी पिताना मदी किती डाव थांबती?" तिनं विचार केला, शेजारणीनं शेजारणीला विचारलं, आणि सगळी ओळ जागी झाली. तेव्हापासून रोज प्रत्येकीनं एक गोष्ट सांगायची. नियम एकच. स्वतः मोजलेलं किंवा स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे. पुस्तकात आहे, मास्तर म्हणाले, आमच्याकडं असं सांगतात, हे सगळं बाद. त्यामुळं आमच्या खेळात जगातला सर्वांत उंच डोंगर कधी आला नाही. आलं ते असलं: आळंदीच्या एसटीत कंडक्टर सुटल्यापासून पोचेपर्यंत 'सरका पुढं' किती वेळा म्हणतो. आई एका भाकरीला किती थापा मारते. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीत मिळणाऱ्या एका पापडावर किती मिरे असतात. मारुंजीच्या माझ्या आत्याची काळी कोंबडी अंडं घालायच्या आधी ओरडते की नंतर. नंतर. हे मी दोन दिवस खुराड्यापाशी बसून पाहिलं होतं आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या होत्या.

खेळ सुरू झाल्यापासून आमच्या ओळीतून खराब कुपी सुटायची जवळजवळ थांबली. याचं श्रेय कोणी आम्हाला दिलं नाही. सुपरवायझर बाई उलट म्हणायच्या, "तोंडं बंद ठेवली असती तर अजून चांगलं झालं असतं."

या बाई पुण्याहून गाडीनं यायच्या. पांढरं पातळ, हातात कायम छत्री, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. लहान वयात विधवा झालेल्या. कंपनीत बायका घ्यायच्या त्या एकतर बिनलग्नाच्या नाहीतर विधवा, असा नियमच होता. कामावर घेताना आमच्याकडून एका कागदावर सही घेतली होती: लग्न झालं की त्या दिवसापासून नोकरी संपली. शेजारच्या खोलीत खोकी भरणाऱ्या पुरुषांच्या कागदावर ही ओळ नव्हती. हे मी ऐकलेलं सांगत नाही, त्यांतल्या एकाचा कागद मागून घेऊन वाचला होता. लग्न झालेल्या पुरुषाचे डोळे नीट राहतात आणि बाईचे बिघडतात, असं कंपनीचं मत असावं. पुढं काही वर्षांनी माझं लग्न झालं तेव्हा मी राजीनामा दिला नाही. काढून टाका म्हटलं, आणि त्यांनी काढलं.

माझ्या डाव्या हाताला साताऱ्याकडची एक मुलगी बसायची. अंगानं काटकुळी, बोलणं मोजकं, पण नजर अशी की आम्हा कोणाला न दिसलेला धागा तिला दिसायचा. ती कामावर लागली तेव्हा बिनलग्नाची होती. त्यानंतर सहा महिन्यांनी गावाकडं जाऊन लग्न करून आली आणि नवऱ्याबरोबर आकुर्डीच्या बाजूला खोली घेऊन राहिली. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. लपवणं सोपं होतं, कारण स्वच्छतेसाठी म्हणून आम्हा सगळ्यांनाच बांगड्या, कुंकू, गळ्यातलं काही घालून आत यायची मनाई होती. तिचं मंगळसूत्र दिवसभर डब्याच्या फडक्याच्या गाठीत असायचं. तिचे दोन धाकटे भाऊ तिच्या पगारावर शाळेत जात होते. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं, तिला हे काम मनापासून आवडायचं. "दिव्याम्होरं बसलं की मला बरं वाटतं," असं ती म्हणायची.

वटपौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. त्या दिवशी खेळात तिची पाळी आली. कुपी दिव्यापुढं धरूनच ती म्हणाली, "ओढ्याच्या कडंला वड हाय न्हवं, त्याला दीड गुंडी सूत लागतं."

एक जण हसली आणि मग हसू मध्येच थांबलं. वडाला सूत गुंडाळते ती नवरा असलेली बाई. हाच नवरा सात जन्म मिळावा म्हणून सात फेऱ्या घालते. बिनलग्नाची मुलगी तिथं फिरकत नाही, आणि विधवा तर नाहीच नाही. वटपौर्णिमेला वाण्याकडं पांढऱ्या सुताच्या एकाच मापाच्या गुंड्या येतात, त्यातल्या किती लागल्या हे ज्या बाईनं स्वतः गुंडाळलं तिलाच कळणार. आणि आमच्या खेळात तर दुसऱ्याचं ऐकलेलं चालतच नव्हतं. माझाच नियम तिच्या गळ्याशी आला होता.

सुपरवायझर बाई नेमक्या मागं उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुला कसं ठाऊक गं?"

तिचा हात हवेतच राहिला. तिनं तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "मी सांगितलं तिला."

"आणि तुला कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. मी गुंडाळून बघितलं."

"तू? कुमारिका वडाला सूत गुंडाळते?"

"झाड न्हाई म्हनलं न्हाई, बाई."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आम्हा दोघींना त्या तशाच साहेबांच्या खोलीत घेऊन गेल्या. साहेब मुंबईकडून आलेला, मराठी अर्धीमुर्धी, आकड्यांचा मोठा भोक्ता. झाडाला दोरा का बांधायचा हेच त्याला आधी समजेना. बाईंनी सात जन्मांचं समजावल्यावर तो मोठ्यानं हसला. मग चष्मा पुसत म्हणाला, "यात भांडण कशाला? ही बोलते हिने मोजला. तो फिर से नापो. दीड आला तर ही खरी. नाही आला तर दोघी खोट्या, दोघींना छुट्टी." रविवारी बाईंनी स्वतः माझ्याबरोबर झाडापाशी जायचं ठरलं. तोपर्यंत सातारकरणीला बाटल्या धुवायच्या खोलीत बसवलं आणि आम्ही एकमेकींशी बोलायचं नाही अशी ताकीद मिळाली.

मधले तीन दिवस मी तिच्या खोलीवर जाऊन विचारू शकले असते की बाई गं, दीडच ना? मी गेले नाही. आमच्या खेळात कोणी खोटं बोलत नव्हतं. विचारायला जाणं म्हणजे तिच्यावर शंका घेणं, आणि ते मला करायचं नव्हतं. घरी मात्र सगळं सांगून टाकलं. आईनं कपाळावर हात मारला. "चारचौघांत वडाला फेऱ्या घालनार? नवरा कोन म्हून विचारतील तर काय सांगशील? तुला आता कोन करून घील?" चुलता पुन्हा बोलायचा थांबला. मी वाण्याकडून उरलेल्या गुंड्यांतल्या दोन उधार न ठेवता आणल्या आणि आईच्या नाकासमोरून टोपलीत ठेवल्या.

रविवारी सकाळी बाई गाडीतून उतरल्या, छत्रीसकट. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका होत्या, म्हशी घेऊन आलेले दोघे-तिघे होते. वडाच्या खोडावर पौर्णिमेचं सूत अजून तसंच होतं, पांढऱ्याचं जरा मातकट झालेलं. बाईंनी माझ्या टोपलीतली एक गुंडी माझ्या हातात दिली. दुसरी उलगडून, दुमडून, बरोबर मधे कात्रीनं कापली आणि अर्धी स्वतःच्या पिशवीत टाकली. कामाला पक्क्या होत्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मी सुताचं टोक जुन्या सुतात अडकवलं आणि चालायला लागले.

धुणंवाल्या बायकांचे हात थांबले. एक म्हातारी ओरडली, "अगं ए पोरी, ही कुनासाठनं?"

"कंपनीसाठनं!" मी म्हणाले. "साती जन्म हीच कंपनी मिळू दे!"

बायका खो खो हसल्या. मीही हसले, पण ते पहिल्याच फेरीत. दुसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की वड लांबून वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जाड आहे. पारंब्यांची दोन नवी खोडं त्याला चिकटलेली, त्यांच्या बाहेरून जावं लागत होतं. चौथी फेरी अर्धीही झाली नव्हती तोच पहिली गुंडी संपली. मी अर्धीचं टोक त्याला गाठलं. सातातल्या तीनच फेऱ्या झाल्या होत्या आणि वर थोडं, मी पुन्हा मोजलं. अर्ध्या गुंडीत चार फेऱ्या होत नाहीत, हे दुसरीतल्या मुलालाही कळलं असतं. तरी मी चालत राहिले. चौथी झाली. पाचवी झाली, आणि जिथून सुरुवात केली होती तिथून वीतभर पुढं सूत माझ्या बोटांतून सुटलं.

"पाच," बाई म्हणाल्या. "सूत संपलं आणि फेऱ्या पाचच."

मला वाटलं, संपलं. तिची नोकरी गेली, माझी गेली, उद्यापासून पुन्हा गोठा. तिचाही राग आला. एवढी धारदार नजरेची बाई, तिला दीड आणि दोनातला फरक कळू नये? मग बाईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं अशा बघत होत्या की जणू मी त्यांच्या पिशवीतून काही चोरलं होतं. आणि माझं टाळकं सरकलं. मी काय चोरलं होतं? एक माहिती. त्यासाठी मला गावासमोर झाडाभोवती फिरवलं होतं.

"मग?" मी म्हणाले. "सात म्हनून कोन बोललं?"

"म्हणजे?"

"आमी दीड गुंडी म्हनलं. सात तुमी म्हनला, सायबाला बी तुमीच सांगितलं. मी झाड मोजत होते, पाच फेऱ्यांत मोजून झालं. सात घालायला मला नवरा हाय का?"

बाईंनी खोडावरचं माझं सूत बोटानं मोजलं, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग पारावर टेकल्या. मी इतक्या दिवसांत त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"दीड गुंडीत पाच," त्या म्हणाल्या, माझ्याकडं न बघता. "नवरा असलेली बाई पाचावर थांबत नाही. सूत कमी पडलं तर शेजारणीकडून मागून घेईल, लुगड्याच्या काठाचे धागे काढील, पण सात पुऱ्या करील. मीही करत होते." मग त्या उठल्या आणि पिशवीतली उरलेली अर्धी गुंडी माझ्या हातात ठेवली. "तूच मोजलंस हे मी साहेबांना सांगते. पण असले धंदे पुन्हा करू नकोस."

सोमवारी साहेबानं आकडा ऐकला, मान डोलावली आणि विषय मिटला. आमच्या गावात तो मिटला नाही. चाकणकडचं एक स्थळ मला बघायला येणार होतं ते आलं नाही, आणि मी कंपनीशी लग्न लावलं असं पोरं मला येता-जाता चिडवायला लागली. आई रडली. मी तिला म्हटलं, एवढ्याशा सुताला जो भ्याला तो नवरा काय कामाचा? यावर ती अजूनच रडली.

त्याच दिवशी दुपारी सातारकरीण परत माझ्या डाव्या हाताला येऊन बसली. तिनं माझं मनगट एकदा घट्ट दाबलं आणि कुपी उचलली. मी बाई ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत थांबले. मग दिव्याकडं बघत विचारलं, "अगं, त्या दीड गुंडीत पाचच व्हत्यात. तू सूत मोजताना चुकलीस का फेऱ्या?"

"कायबी चुकले न्हाई," ती म्हणाली. "पाचच घातल्या."

"का? सूत कमी पडलं?"

"अर्धी गुंडी उरली व्हती की हातात." तिनं कुपी उलटी केली, आतलं औषध खाली उतरेपर्यंत थांबली, नीट बघितली आणि चांगल्यांच्या खोक्यात ठेवली. "मानूस चांगला हाय माझा. पाच जन्म दिले त्याला, कमी न्हाईत. दोन माझ्यासाठनं ठिवलेत. त्या दोनात हितंच बसून काम करनार, कुनाला भ्यायचं न्हाई."